राईनपाडा : संशय कुणावर घ्यायला हवा होता?

१ जुलै २०१८. रविवार होता, आणि राईनपाड्यात रविवारी आठवडे बाजार असतो. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या पुढे गुजरातच्या हद्दीकडे जाणाऱ्या डोंगराळ पट्ट्यातलं हे गाव. वस्ती बहुतेक आदिवासी. बाजाराच्या दिवशी आसपासच्या पाड्यांवरची माणसं इथे उतरतात, त्यामुळे गर्दी होती. अशा गर्दीत एसटीतून पाच पुरुष उतरले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, बहुतेक सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा तालुक्यातले. भिक्षा मागत गावोगाव फिरणं हा त्यांचा पिढीजात व्यवसाय.

त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी काहीतरी बोलला, किंवा बोलू पाहत होता. पोलिसांनी त्या दिवशी सांगितलेली सुरुवात एवढीच आहे. कुणीतरी ओरडलं, मुलं पळवणारे आलेत. गर्दी धावली. पाचही जणांना मारत मारत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेलं आणि तिथे मरेपर्यंत मारलं. खबर मिळताच आलेले पहिले पोलीस संख्येने थोडे होते, त्यांच्यावरही जमाव उलटला. जादा कुमक येईपर्यंत सगळं संपलं होतं.

कुठलंही मूल पळवलं गेलेलं नव्हतं. त्या मुलीलाही काही झालेलं नव्हतं.

मी अकरावी-बारावीच्या मुलांना समाजशास्त्र शिकवते. ऐकीव माहिती पारखून घेण्याचा विषय निघाला की मी हेच प्रकरण वर्गापुढे ठेवते, कारण ते आपल्या राज्यातलं आहे, आपल्या भाषेतलं आहे आणि त्यातली एकही गोष्ट आपल्या ओळखीबाहेरची नाही. एसटी, बाजार, ग्रामपंचायत, मोबाइल. वर्गात पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. मुलं म्हणतात, मॅडम, अडाणी लोक होते, त्यांना काय कळणार. हे उत्तर मला मुळीच पटत नाही, आणि ते का पटत नाही हे दाखवायलाच मी पुढचं सगळं मांडते.

गावात काय पोचलं होतं

त्या वर्षीच्या मे-जूनमध्ये मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा अर्ध्या देशात फिरत होती. माझ्याही फोनवर आली होती, आमच्याच नातेवाइकांच्या ग्रुपवर. शेवटी हात जोडलेली चिन्हं आणि 'आपली मुलं सांभाळा, हा मेसेज जास्तीत जास्त लोकांना पाठवा' असा मजकूर. पाठवणारी माणसं चांगली होती. त्यांनी काळजीपोटीच पाठवलं होतं. मी ते पुढे पाठवलं नाही, पण 'हे खोटं वाटतंय' असंही कुणाला म्हटलं नाही. ग्रुपवर वाद नको, एवढाच विचार केला. ते न बोलणं आजही मला टोचतं.

या मजकुरासोबत फिरणाऱ्या दोन गोष्टी जवळून पाहण्यासारख्या आहेत.

पहिली, एक छोटी चित्रफीत. रस्त्यावर मुलं खेळताहेत. मोटरसायकलवरून दोघे येतात, थोडे पुढे जातात, वळतात, मागे बसलेला माणूस एका मुलाला उचलतो आणि गाडी भरधाव निघून जाते. बाकीची मुलं मागे धावतात. चित्रण वरून, भिंतीवरच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यातून घेतल्यासारखं. इतकं खरं वाटतं की पाहताना पोटात गोळा येतो. ही फीत कराचीतली आहे. 'रोशनी हेल्पलाइन' ही हरवलेल्या मुलांसाठी काम करणारी तिथली संस्था, तिने पालकांना सावध करण्यासाठी ती बनवून घेतली होती. मूळ फितीत तोच मोटरसायकलवाला परत येतो, मुलाला सुखरूप खाली उतरवतो आणि कॅमेऱ्यासमोर फलक धरतो. मूल पळवायला एक क्षण पुरतो, लक्ष ठेवा, अशा आशयाचा. भारतात फिरलेल्या फितीतून हा शेवट कापून टाकलेला होता. बाकी काहीच बदललेलं नव्हतं. शेवटचे काही सेकंद गेले आणि पालकांना सावध करणाऱ्या नाटुकल्याचा गुन्ह्याचा पुरावा झाला.

दुसरी गोष्ट याहून भयंकर. ओळीने ठेवलेले लहान मुलांचे मृतदेह. सोबतचा मजकूर सांगत होता, या मुलांचे अवयव काढून घेतलेत. धुळे-मालेगाव भागातही हे फिरलं होतं. ती दृश्यं सीरियातली होती. २१ ऑगस्ट २०१३ रोजी दमास्कसजवळच्या गूटा भागात सारिन या विषारी वायूचा मारा झाला, त्यात गेलेली ती मुलं. वायूने गुदमरून मेलेल्याच्या अंगावर जखम नसते. अवयव काढलेल्या देहावर मोठी चीर असते, टाके असतात. म्हणजे चित्र एक सांगत होतं आणि खालचा मजकूर त्याच्या नेमकं उलट सांगत होता. पण मेलेलं मूल दिसल्यावर डोळे तिथे ठरत नाहीत. आपण नजर फिरवतो आणि उरलेलं मजकुरावरून समजून घेतो. मी स्वतःही तेच केलं होतं. ती दृश्यं मी नीट पाहिली ती राईनपाड्यानंतर.

अवयवांची गोष्ट

वर्गात मी इथे थांबते आणि मुलांना विचारते, अवयव काढून विकायचे तर काय काय लागेल? विज्ञान शाखेची मुलं भराभर सांगतात. मूत्रपिंड बसवायचं तर रक्तगट जुळायला हवा, ऊती जुळायला हव्यात, त्यासाठी आधी दोघांच्या रक्ताच्या तपासण्या हव्यात. शस्त्रक्रियेसाठी निर्जंतुक खोली, भूलतज्ज्ञ, शल्यचिकित्सकांचा चमू. काढलेलं मूत्रपिंड बर्फाच्या तापमानाला ठेवलं तर साधारण एक दिवस, फार तर दीड दिवस टिकतं. हृदयाला चार ते सहा तासच मिळतात. शिवाय घेणारा रुग्ण तयार हवा, आणि पुढे आयुष्यभर तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली राहणार. एसटीने फिरणारी पाच माणसं, जवळ एक झोळी, बाजारातून कुठलंही मूल उचलतात आणि त्याचं मूत्रपिंड विकतात, ही गोष्ट मुलांच्याच हिशेबात पाच मिनिटांत कोसळते.

पण एवढ्यावर समाधान मानणं मला अप्रामाणिक वाटतं, कारण मूत्रपिंडांचा काळा बाजार आपल्या देशात खरोखर झालेला आहे. १९९४ साली मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा करावा लागला तो उगाच नाही. त्यानंतरही २००८ मध्ये गुडगावचं मोठं प्रकरण उघडकीला आलं, तिथे गरीब मजुरांना फसवून, धमकावून मूत्रपिंडं काढली जात होती. तेव्हा 'असं काही नसतंच' म्हणणं हाही आंधळा विश्वासच, फक्त उलट्या बाजूचा. खरे गुन्हे कसे घडले ते पाहिलं पाहिजे. ते चार भिंतींआड घडले, शस्त्रक्रियेची सामग्री असलेल्या जागी, डॉक्टरांच्या हातून, दलालांच्या मध्यस्थीने, बहुधा खोट्या कागदपत्रांच्या आधारे, आणि बळी गेले ते पैशांची निकड असलेले मोठे लोक. म्हणजे या गुन्ह्याचा माग काढायचा तर कागद तपासायला हवेत, पैसा कुठून कुठे गेला ते पाहायला हवं. भिक्षेकऱ्याची झोळी त्या वाटेवर कुठेच येत नाही.

मुलं पळवली जातात, विकली जातात, हेही खरं आहे. त्यासाठी १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे, पोलीस ठाणी आहेत. एखाद्या आईला भीती वाटली तर तिला हसण्याचा अधिकार कुणालाच नाही.

झोळीवाला

आता मला एका जुन्या वाक्याकडे वळायचं आहे. 'जेव मुकाट्याने, नाहीतर तो बघ झोळीवाला आलाय, घेऊन जाईल.' हे वाक्य मी लहानपणी ऐकलंय. माझ्या मुलाला त्याच्या आजीने ऐकवलंय. वर्गात विचारलं की जवळजवळ सगळे हात वर जातात. कुठे झोळीवाला असतो, कुठे पोतंवाला, कुठे गोसावी. माझ्या आजोळी नदीवर पुलाचं काम सुरू झालं तेव्हा पायात मुलं पुरतात अशी कुजबुज होती, आणि कितीतरी दिवस आम्हा भावंडांना नदीकडे जाऊ दिलं नव्हतं. मोबाइल सोडाच, तेव्हा गावात एकुलता एक फोन पोस्टात होता.

डवरी गोसावी हा खांद्यावर झोळी घेणारा समाज. डवर हे छोटं वाद्य वाजवायचं, नाथांची गाणी म्हणायची, मिळेल ते पीठमीठ झोळीत घ्यायचं. पाऊस लागेपर्यंत बाहेर हिंडायचं, गावाबाहेरच्या माळावर पालं टाकायची. म्हणजे राईनपाड्याच्या बाजारात जी माणसं उतरली, त्यांना पाहून काय वाटून घ्यायचं हे मोबाइलवरचा मजकूर यायच्या कितीतरी आधी ठरून गेलेलं होतं. मजकुराने कराची आणि सीरियाची दृश्यं जोडली. चेहरा आपण पिढ्यान्‌पिढ्या तयार ठेवला होता.

सगळा दोष व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणं मला म्हणूनच अपुरं वाटतं. मार्च १९९४ मध्ये ग्वाटेमालातल्या सान क्रिस्तोबाल वेरापास या गावात एका अमेरिकन बाईला जमावाने बेशुद्ध पडेपर्यंत मारलं. परदेशी लोक आपली मुलं पळवून त्यांचे अवयव विकतात, ही अफवा तिथे पसरलेली होती. बाजाराच्या गर्दीत एका आईला आपलं मूल क्षणभर दिसेना, आणि ही परकी बाई तिथेच होती. तेव्हा कुणाच्याही खिशात मोबाइल नव्हता. गोष्ट मात्र तीच. अनोळखी माणूस, बाजार, लहान मूल, अवयव. भारतात २०१७ च्या मे महिन्यात झारखंडच्या सिंहभूम भागात याच अफवेने सात जणांचा जीव घेतला होता. मोबाइलमुळे वेग वाढला, आवाका वाढला, आणि अफवेच्या हातात खोटी का होईना, पण डोळ्यांना दिसणारी साक्ष आली. हा फरक छोटा नाही. पण गोष्ट जुनीच होती.

बाजारात त्या दिवशी

राईनपाड्याच्या लोकांनी डोकं वापरलं नाही असं सगळे म्हणतात. मला वाटतं त्यांनी संशय घेतला, आणि भरपूर घेतला. ही माणसं कोण, इथे कशाला आली, त्या मुलीशी का बोलली, काय सांगताहेत ते खरं कशावरून. पारखून घेताना जे प्रश्न विचारायचे तेच हे प्रश्न. ते फक्त त्या पाच माणसांना लावले गेले. मोबाइलवर आलेल्या मजकुराला यातला एकही प्रश्न विचारला गेला नाही. हा कोण, कुठून आला, कशाला आला, काय सांगतोय, खरं कशावरून.

समोर उभी असलेली माणसं उत्तर देऊ शकत होती. त्यांना नाव होतं, गाव होतं. त्यांची माणसं पिंपळनेरला पालांत होती. मंगळवेढ्याच्या पोलीस ठाण्याला एक फोन लावला असता तर त्यांच्या गावाची खातरजमा झाली असती. मजकुराला यातलं काहीच नव्हतं. त्यात कुठलं गाव नाही, तारीख नाही, कुठल्या पोलीस ठाण्यात तक्रार झाली ते नाही, कुणाचं मूल गेलं त्याचं नाव नाही. ज्यांची शहानिशा घडीभरात झाली असती त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, आणि जिची शहानिशा करायला हाती धागाच नव्हता त्या गोष्टीवर जीव घेण्याइतका विश्वास ठेवला.

असं का होतं? माझं उत्तर असं आहे. मजकूर आपल्या माणसाकडून येतो. चुलतभाऊ पाठवतो, शेजारीण पाठवते, मुलाच्या शाळेतल्या दुसऱ्या मुलाची आई पाठवते. त्या माणसावर आपला विश्वास असतो आणि तो विश्वास मजकुराला आपोआप चिकटतो. चुलतभावाने ते पाहिलेलं नसतं, त्यालाही कुणीतरी पाठवलेलं असतं, हे आपल्या लक्षात राहत नाही. खोट्या नाण्याचं असंच असतं. ओळखीच्या हातातून आलं की आपण ते वाजवून बघत नाही, आणि पुढे देतानाही आपल्या हातून ते खरंच म्हणून जातं.

माझ्या मनात राहून राहून येते ती ग्रामपंचायतीची खोली. गावाचा सगळा कारभार जिथे नोंदी पाहून चालतो ती ही जागा. जन्माचा दाखला हवा तर वही उघडतात, घरपट्टीची पावती मागतात, सही आणि शिक्का बघतात. साध्या रहिवासी दाखल्यासाठी माणसाला चार कागद दाखवावे लागतात. तिथेच, त्याच भिंतींमध्ये, पाच माणसांचा गुन्हा कसलाही कागद न पाहता ठरला. खोलीला दार होतं. दार लावून त्यांना आत बसवलं असतं, बाहेरून कडी घातली असती, पोलीस येईपर्यंत पहारा दिला असता, तरी गावाच्या भीतीचं समाधान झालं असतं. ते गुन्हेगार असते तरीही पळून गेले नसते. थांबण्यात त्या गावाचं काहीही जाणार नव्हतं.

हे मला वर्गात फार सावकाश सांगावं लागतं, कारण मुलांना वाटतं की पारखून घेणं म्हणजे अनोळखी माणसावर भरवसा टाकणं. तसं मुळीच नाही. मुलीला जवळ ओढून घ्या, त्या माणसाला लांब उभं करा, पोलिसांना बोलवा, नाव-गाव विचारा, फोटो काढून ठेवा. यातलं काहीही करायला त्याच्यावर विश्वास ठेवावा लागत नाही. तुमचा अंदाज चुकला तर एका माणसाची अर्ध्या तासाची गैरसोय, एवढंच नुकसान. मारायला सुरुवात केली आणि अंदाज चुकला तर ती चूक कशानेच भरून येत नाही.

त्याच रात्री, मालेगावात

राईनपाड्याहून मालेगाव काही फार लांब नाही. त्याच १ जुलैच्या रात्री मालेगावात परभणीकडच्या एका कुटुंबाला जमावाने घेरलं. पाच जण, त्यांत दोन वर्षांचं मूल. आरोप तोच, मुलं पळवणारे. मूल त्यांचंच होतं, पण जमावाच्या डोळ्यांना ते पळवलेलं दिसत होतं. अफवा तीच, फिरणारी दृश्यं तीच, दिवसही तोच. तिथे मात्र वस्तीतल्या एका तरुणाने त्या कुटुंबाला आपल्या घरात घेतलं आणि दार लावलं. पोलीस आले. जमाव हटत नव्हता, त्यांच्यावरही धावून जात होता, तरी पोलिसांनी पाचही जणांना जिवंत बाहेर काढलं.

हा भाग मी वर्गात दोनदा सांगते. त्या तरुणाकडे जमावापेक्षा जास्त माहिती होती का? नव्हती. ते कुटुंब कोण, कुठलं, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. ते निर्दोष आहेत याचा पुरावा त्याच्यापाशी नव्हता. त्याने एवढंच केलं, की ठाऊक नसताना निकाल दिला नाही आणि इतरांनाही देऊ दिला नाही. घरात घेतलं म्हणजे त्यांना निर्दोष ठरवलं असं नाही, चौकशीपुरता वेळ मिळवून दिला. आणि हे त्याने आपल्याच वस्तीतल्या, रोज तोंड बघायच्या माणसांसमोर केलं. मोठा जमाव दाराशी असताना आतून कडी लावायला किती हिंमत लागली असेल याचा मी विचार करते तेव्हा मला माझा तो गप्प बसलेला ग्रुप आठवतो. तिथे तर दारावर कुणी धडका मारत नव्हतं. एक ओळ टाइप करायची होती.

पुढे काय झालं

राईनपाड्याच्या मारहाणीच्या चित्रफिती तिथल्याच लोकांनी मोबाइलवर काढल्या होत्या. त्या फिरल्या, आणि पोलिसांनी त्यांवरून माणसं ओळखली. पहिल्या दोन दिवसांतच २३ जणांना अटक झाली. राज्य सरकारने मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी पाच लाख रुपयांची मदत जाहीर केली. केंद्राने व्हॉट्सअ‍ॅपला जाब विचारला. १० जुलैला कंपनीने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या, पुढे पाठवलेल्या मजकुरावर तशी खूण दिसू लागली, आणि त्याच महिन्यात भारतात एक संदेश एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी पाठवण्याला अटकाव करण्याचं कंपनीने जाहीर केलं. १७ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला यांच्या याचिकेवर निकाल देताना प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी जमावाची हिंसा रोखण्यासाठी नेमण्याचे निर्देश दिले.

हे सगळं हवंच होतं. पण त्याच्या मर्यादाही त्याच दिवसांत दिसल्या होत्या. राईनपाड्याच्या तीन दिवस आधी, २८ जूनला, त्रिपुरात सरकारनेच नेमलेला एक माणूस गाडीवर भोंगा लावून गावोगाव सांगत फिरत होता, की अफवांवर विश्वास ठेवू नका. जमावाने त्यालाच मुलं पळवणारा ठरवून ठार मारलं. मला त्या माणसाचा विसर पडत नाही. त्याच्या तोंडी बोल खरे होते. पण तो परका होता, भोंग्यातून बोलत होता. अफवा मात्र घरातल्या माणसाने कानात सांगितली होती.

आणि म्हणून मला वाटतं, अफवेला जिथे विश्वास मिळतो तिथेच तिला अडवावं लागतं. घरात, ओळखीत, आपल्या माणसापाशी. पोलिसांच्या पत्रकापेक्षा सुनेने सासूला विचारलेला प्रश्न जास्त काम करतो, फक्त तो विचारायचा कसा, याची आपल्याला सवय नाही. मोठ्यांना उलट विचारणं म्हणजे उद्धटपणा, असं आपल्याकडे शिकवलं जातं. काकांनी पाठवलेल्या मजकुराखाली 'हे खोटं आहे' लिहिलं की तो काकांचा अपमान होतो. माझ्या विद्यार्थ्यांनी ही अडचण मला अगदी स्पष्ट सांगितली. मॅडम, तुमचं सगळं पटतंय, पण घरात बोलायचं कसं?

त्यावर आम्ही वर्गात बराच वेळ घालवला. 'खोटं आहे' म्हणायचंच नाही, असं शेवटी मुलांनीच ठरवलं. ग्रुपवर सगळ्यांदेखत बोलायचं नाही, फोन करायचा. आणि एकच विचारायचं, तुम्हाला हे कुणी पाठवलं? या प्रश्नात आरोप नाही. समोरच्याचा मान राहतो, आणि उत्तर शोधायला लागल्यावर तो माणूस स्वतःच एक पाऊल मागे जातो.

पुढच्या आठवड्यात एक मुलगी तास संपल्यावर थांबली. तिच्या मावशीने पाठवला होता तसाच मजकूर, याच वर्षीचा, फक्त गावाचं नाव आमच्या तालुक्यातलं घातलेलं. गाडीतून आलेल्या बायका, गुंगीचं औषध, दोन मुलं गायब. मुलीने मावशीला फोन लावला. "मावशी, तुला हे कुणी पाठवलं गं?" मावशी म्हणाली, वरच्या मजल्यावरच्या काकूंनी, त्या कशाला खोटं सांगतील. "काकूंना विचारशील?" मावशी जिना चढून गेली. काकूंना ते दिराने पाठवलं होतं. दिराला फोन लावला. तो म्हणाला, आमच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर आलंय. ग्रुपवर कुणी टाकलं? त्याने बघितलं. नंबर होता, नाव नव्हतं. ज्या गावाचं नाव मजकुरात होतं त्या गावात मावशीची चुलत नणंद राहते. मग मावशीनेच, कुणी न सांगता, तिला फोन केला.

"ती काय म्हणाली?" मी विचारलं.

"ती म्हणाली, आमच्याकडे तर तुमच्या गावाचं नाव घालून आलंय."